उजव्या डोळ्यातला अमीबा

हे लिहिताना मी बहुतेक डाव्या डोळ्यानं बघते आहे. उजवा उघडा असतो. त्याला उजेड कळतो, खिडकी कुठे आहे ते कळतं, समोर कुणी येऊन उभं राहिलं तर तेही कळतं. ते माणूस कोण, हे मात्र त्याचा आवाज ऐकल्यावरच. मागच्या वर्षी या दिवसांत एवढं तरी उरेल की नाही, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं.

मी वाशीमला अकरावी-बारावीच्या मुलामुलींना जीवशास्त्र शिकवते. मला झालेला आजार फार कुणाला होत नाही, त्यामुळे तेव्हा मला असं एकही माणूस भेटलं नाही, ज्याला विचारावं की बाबा, हे संपतं का? म्हणून लिहायला बसले. ज्याच्या घरी आत्ता कुणी अंधाऱ्या खोलीत डोळा बांधून पडलं असेल, त्याला एवढं आधीच सांगून ठेवते, संपतं. वेळ लागतो, पण संपतं.

कुटार

आमचं घर आणि शेती मेडशीला. माझे मोठे दीर आणि जाऊबाई, शोभाताई, तिथं राहून शेती बघतात. आमचे हे वाशीमला एका कचेरीत नोकरीला, मी कॉलेजात, म्हणून आमचं बिऱ्हाड वाशीमला. सोयाबीनच्या काढणीला मात्र आम्ही दोघं जातोच.

शोभाताईत आणि माझ्यात भांडण असं कधी झालं नाही. जवळीकही नव्हती. मी सणावाराला येणारी, पुस्तकं घेऊन बसणारी धाकटी जाऊ. ती हातातलं काम न थांबवता बोलणारी. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एका जागी निवांत बसलोय, असं मला आठवत नाही.

त्या दिवशी थ्रेशर चालू होता. मी पोत्याचं तोंड धरून उभी होते. वारा अचानक फिरला आणि कुटाराचा, सोयाबीनच्या भुशाचा लोट सरळ तोंडावर आला. उजव्या डोळ्यात काहीतरी रुतलं. मी डोळा चोळायला लागले तशी शोभाताईनं माझा हात धरला आणि ओढतच मला गोठ्याजवळच्या हौदाशी नेलं.

"चोळू नोको. उघडा ठेव डोया," ती म्हणाली आणि तांब्यानं पाणी मारलं.

बरं वाटलं. मी स्वतःच ओंजळीनं आणखी दोनदा मारलं. डोळा लाल होता, पण सल गेली होती. संध्याकाळी चहा पिताना दीर म्हणाले, "मास्तरीणबाईले वावर मानवत नाई," आणि आम्ही सगळे हसलो.

चुकलेले दिवस

सल गेली होती ती परत आली. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, खरचटलंय, थेंब घाला. थेंब घातले. थोडा उतार पडला आणि मग दुखणं वाढलं. अकोल्याला गेलो. तिथं वेगळं निदान झालं, वेगळे थेंब, गोळ्या. मी त्यांना दोष देत नाही. हा आजार सुरुवातीला दुसऱ्याच आजारांचं सोंग घेऊन येतो, हे मला पुढं कळलं.

दुखणं मात्र डोळ्याच्या मानानं फार मोठं होतं. पापणीखाली तिखट भरून वरून शिवून टाकावं, तसं. उजेड सहन होईना. ह्यांनी खिडक्यांना चादरी बांधल्या, फ्रिजच्या आतल्या दिव्यावर कागद चिकटवला. आमची एकुलती मुलगी बंगळुरूला असते. तिला दिवस गेले होते, सातवा लागला होता. तिला मी फोनवर सांगायची, डोळे आलेत, होईल बरं. ह्यांना स्वयंपाक येत नाही. एका सकाळी मेडशीच्या गाडीनं शोभाताई आली, हातात पिशवी, आणि माझ्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली.

"काहून आल्या ताई? तिकडं तुरीचं..." मी म्हणाले.

"तूर कुठं पयून नाई जात," ती म्हणाली.

शिरपूरची खिडकी

अंधारात पडल्या पडल्या माणसाला देव आठवतो म्हणतात. मला शिरपूरची शाळा आठवायची.

माझं माहेर शिरपूर जैन. देवळाकडं जाणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ शाळेच्या खिडकीतून दिसायची, आणि त्याच खिडकीपाशी आमचे विज्ञानाचे सर वर्षातून एकदा सूक्ष्मदर्शक मांडायचे. पितळी नळी, खाली छोटा गोल आरसा. लाकडी पेटीतून काढायचे तेव्हा सर हात पुसून घ्यायचे. आरसा फिरवून खिडकीतलं ऊन नळीत पकडायचं, तेवढ्यात एखादी बैलगाडी आडवी गेली की सगळा उजेड गुल. आम्ही रांगेत उभ्या. एकेकीला कांद्याची साल दाखवायची. "दिसलं का?" सर विचारायचे. सगळ्या म्हणायच्या, "दिसलं." माझ्या पुढच्या मुलीनं नंतर मला सांगितलं, तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या होत्या.

अमीबा मात्र आम्ही फळ्यावरच पाहिला. सर खडूनं एक वेडावाकडा ढगासारखा आकार काढायचे, मध्ये एक गोल, त्याच्याशेजारी दुसरा. मी तो इतका छान काढायची, की वर्गातल्या निम्म्या मुलींना मीच काढून द्यायची. काढणारीनं तो कधी पाहिलाच नव्हता.

पाहिला तो पुढं अकोल्याला कॉलेजात. पूर्ण दुपार गेली होती. तळ्याच्या तळाशी कुजलेलं पान असतं, त्याच्यावरचा बुळबुळीत थर खरवडून थेंबभर पाण्यात घेतला होता. पॅरामेशियम लगेच सापडतं, ते पळतंच इतकं. युग्लीना हिरवी असते, तिच्या टोकाशी लाल ठिपका असतो. अमीबाला रंग नाही, घाई नाही, ठरलेला आकार नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, "उजेड कमी कर. जास्त उजेडात तो पाण्यातून वेगळाच दिसत नाही. आणि थांब." मी थांबले. काचेच्या कोपऱ्यात धुळीचा एक डाग होता. बघता बघता त्या डागानं एक बोट पुढं काढलं आणि आतले बारीक कण त्या बोटात वाहत गेले. मान दुखत होती, तरी मी डोळा काढला नाही. बाहेर सगळ्या मुली बसला गेल्या होत्या.

नोकरी लागल्यावर मी दर वर्षी मेडशीहून बाटल्या भरून आणायची. शेततळ्याचं पाणी, नाल्याचं, गोठ्याजवळच्या हौदाचं. मांडीवर बाटल्या घेऊन एसटीत बसायची. एकदा कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, तीर्थ हाये काय हे?" बरणीत कुटार भिजत घालायचं, आठ-दहा दिवस झाकून ठेवायचं. प्रयोगशाळेत वास सुटायचा, शेजारच्या वर्गातले सर नाक दाबून जायचे. आणि मग एका सकाळी त्या पाण्याच्या एका थेंबात जत्रा भरलेली असायची.

ते सगळं मी उजव्या डोळ्यानं पाहिलं. सूक्ष्मदर्शकाला नेहमी तोच डोळा. डावा नुसता सोबतीला उघडा ठेवायचा, म्हणजे दमत नाही, हे मी मुलींना शिकवायची.

निदान

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ डोळा तपासला. बुबुळावर पांढरं कडं धरलंय, म्हणाले. मग विचारलं, "डोळ्यात काही गेलं होतं का?"

"सोयाबीनचं कुटार," मी म्हणाले.

"मग धुतला कशानं?"

मी तोंड उघडायच्या आत शोभाताई म्हणाली, "म्या धुतला. हौदाच्या पाण्यानं. ढोराच्या."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि बुबुळाचा थोडा भाग खरवडून घ्यावा लागेल असं सांगितलं. ते कसं केलं ते इथं लिहीत नाही. बधिर करतात, दुखत नाही. भीती वाटते ती वेगळी.

आम्ही बाकावर बसलो होतो. एक तरुण डॉक्टरीणबाई आतून स्वतः बाहेर आल्या. त्या प्रयोगशाळेतल्या होत्या.

"मॅडम, तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना? फाइलवर लिहिलंय."

"हो."

"मग तुम्हाला सरळच सांगते. अमीबा आहे."

मला हसू आलं. खरंच आलं. ह्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. जन्मभर ज्याला बोट दाखवून ओळख म्हणून सांगितलं, तो माझ्याच डोळ्यात जाऊन बसला होता. हा आमच्या पुस्तकातला अमीबा नव्हे, त्याचा लांबचा भाऊबंद. पण आडनाव तेच.

"बघायचाय?" त्यांनी विचारलं.

आत नेलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, म्हणून डावा लावला. डाव्यानं मी कधी पाहिलंच नव्हतं. काही म्हणता काही दिसेना. नुसता पांढरा झगझगाट. मी म्हणाले, "उजेड जरा कमी करता का?" त्या म्हणाल्या, "शिक्षकच आहात." आणि उजेड कमी केला.

मग दिसले. गोल गोल, दुहेरी भिंतीचे. बाहेरची भिंत सुरकुतलेली, आतली चांदणीसारखी कोनाकोनाची. अमीबाचे कोष. परिस्थिती वाईट झाली, की तो स्वतःभोवती अशी भिंत बांधून घेतो आणि वाट बघत बसतो. मी हे दर वर्षी शिकवते. केवढी सोय बघा निसर्गाची, असं म्हणून शिकवते. त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. वाट बघणं म्हणजे काय, हे मला पक्कं माहीत होतं. औषध आलं की तो भिंतीत जाईल. औषध थांबलं की बाहेर येईल.

मी उठले. मागून शोभाताईचा आवाज आला, "मले दाखवता काय?"

डॉक्टरीणबाईंनी तिला बसवलं. ती पदर सावरून वाकली. खूप वेळ वाकूनच राहिली.

"साबुदाण्यावानी दिसते," ती शेवटी म्हणाली. "हे आपल्या हौदात होतं?"

"हौदात असतं, नळाच्या पाण्यात असतं, मातीत असतं, धुळीत असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या माझ्या नाकातसुद्धा सापडेल. आपल्याला काही करत नाही. यांच्या डोळ्याला आधीच खरचटलं होतं, तिथं तो शिरला. बस, एवढंच."

शोभाताईनं मान हलवली. तिला ते पटलं असं मला वाटलं नाही.

बाहेर आल्यावर ह्यांचा तोल गेला. "वहिनी, जनावरं तोंड घालतात त्या हौदात. डोळा धुवाले दुसरं पाणी नाई भेटलं काय तुमाले?"

शोभाताई पिशवीची गाठ सोडत राहिली, परत बांधत राहिली.

"अहो, नंतर मी पण मारलं पाणी. माझ्या हातानं," मी म्हणाले. "आणि त्या हौदाचं पाणी मी मुलांना दाखवायला नेत होते. त्यात काय असतं हे त्यांना माहीत होतं की मला?"

पण बोललेलं परत घेता येत नाही. दवाखान्यातल्या त्या सगळ्या मुक्कामात ते दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलले.

थेंब

दर तासाला थेंब. दिवसा आणि रात्रीही, पहिले काही दिवस तर झोपच नाही. एक थेंब घातला की थांबायचं आणि दुसऱ्या बाटलीतला घालायचा. औषध झोंबायचं. थेंब पडायच्या आधीच अंग आखडायचं.

ह्यांना रजा संपल्यामुळं वाशीमला परतावं लागलं. शोभाताई राहिली. तिनं नखं मुळापर्यंत कापली, बांगड्या काढून पिशवीत टाकल्या. नर्सबाईंनी एकदा दाखवलं तेवढंच. साबणानं हात धुवायचे, कोरडे करायचे, खालची पापणी ओढायची. शेतात काम करून तिची बोटं खरखरीत झालेली. पापणीला लागायची तेव्हा कळायचं हीच आहे. थेंब टाकण्याआधी ती हळूच म्हणायची, "आलं वं." दर वेळी. मी डोळा मिटून घेऊ नये म्हणून.

मोबाइलला गजर लावलेला. त्याची शिट्टीसारखी एक धून होती. शेजारच्या खाटेवर यवतमाळकडची एक बाई होती, कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी डोळ्यात गेलेली. गजर वाजला की ती म्हणायची, "बाई, तुमची गाडी सुटली." सगळा वॉर्ड हसायचा. एकेक डोळा झाकलेली आम्ही सगळी माणसं, त्या गाडीवर हसायचो. दिवाळी तिथंच झाली. त्या बाईच्या घरून चकल्या आल्या, त्या तिनं वाटल्या. पणती लावायला परवानगी नव्हती, आणि आमच्यापैकी कुणाला उजेड सोसलाही नसता.

एके दिवशी दुखणं असं चढलं की मी भिंतीवर डोकं टेकवून बसले. गोळीनं काही होईना. डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी म्हणाले, "डोळा काढून टाका. मला नको."

डॉक्टर समजावत होते. शोभाताई मध्येच बोलली. दवाखान्यात ती डॉक्टरांसमोर कधी बोलायची नाही.

"काढाले काय लागते? मंग परत लावून देते काय कोनी?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू पोरीले डोये आले म्हनून सांगतलं. ते आता बाळंतपनाले येईन. तिच्या लेकराले कायनं पाहशीन?"

"एक डोळा आहे ना."

"दोन असू दे," ती म्हणाली. "गजर वाजून राह्यला. मान वर कर."

मी मान वर केली.

फोनवरची स्लाइड

थेंबांमधलं अंतर वाढलं तसं आम्हाला घरी सोडलं. वाशीमच्या घरात चादरी बांधलेलीच खोली होती. तूर सोंगणीला आली होती, कापायला माणसं हवी होती, दिरांचे फोन यायचे. शोभाताई बाहेर जाऊन बोलायची. "येतो, येतो," म्हणायची आणि जायची नाही.

थंडीच्या दिवसांत कॉलेजातून फोन आला. बारावीच्या प्रात्यक्षिकाची तयारी चालली होती. माझ्या जागी आलेल्या मॅडमना दुसरा तास होता आणि ऋतुजा नावाची एक मुलगी रडकुंडीला आली होती.

"मॅडम, मले ओळखूच येऊन नाई राह्यलं काही."

"नाव सांगू नको," मी म्हणाले. "फक्त काय दिसतं ते सांग."

"लंबुळकं हाये. चपलीच्या तळव्यावानी. लय पयते."

"सरळ पळतं की गरगर फिरत?"

"फिरत फिरत. कशाले धडकलं का मागं सरते, मंग दुसरीकून जाते."

"आता उजेड कमी कर. कडेला काय दिसतं?"

जरा वेळ गेला. "बारीक केस. हालून राह्यले."

"मग कोण ते?"

"पॅरामेशियम." तिच्या आवाजात तरतरी आली होती.

मी अंधारात डोळे मिटून बसले होते आणि मला ते स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या काचेवर काळ्या जाड कडेचं, गोल, न हलणारं काहीतरी होतं. "बुडबुडा आहे तो. सोड," मी म्हणाले, तेव्हा तिकडून बऱ्याच मुली हसल्याचं ऐकू आलं. सगळ्या फोनभोवती जमल्या होत्या तर.

"मॅडम, इथं कोपऱ्यात काहीतरी हाये. कचरा असंन."

"थांब. लगेच सरकवू नको."

"काहीच करत नाई ते."

"तू पण काही करू नको. त्याच्या कडेकडे बघत राहा."

ते काय असणार, हे मी ओळखलं होतं. त्याचं नाव मी कित्येक आठवडे फक्त डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं.

"मॅडम," ऋतुजा एकदम हळू आवाजात म्हणाली. "बोट काढलं त्यानं."

"मग?"

"आतलं सगळं त्या बोटात वाहून राह्यलं. आता दुसरीकून काढलं. पह्यलं आत गेलं."

"ओळख."

"अमीबा?"

"हो," मी म्हणाले. "तोच. नीट बघून घे. सगळ्यांना दाखव, पण काच हलवू देऊ नको."

फोन ठेवला तेव्हा माझा दुखरा डोळा पाणावला होता आणि झोंबत होता. मला भीती वाटत नव्हती. कितीतरी दिवसांनी मला तो परत माझ्या विषयातला वाटला. शोभाताई थेंबाची बाटली हातात धरून दारात उभी होती. गजर वाजून गेला होता. त्या सगळ्या महिन्यांत उशिरा पडलेला थेंब तो एकच.

"बोटं काढते म्हंजे कसं?" तिनं विचारलं.

मी तिला माझा हात मुठीसारखा करून, एकेक बोट हळूहळू पुढं काढून दाखवलं.

ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांच्यासाठी

डोळ्यात काही गेलं तर स्वच्छ, प्यायच्या पाण्यानं धुवा. चोळू नका. घरात उरलेले थेंब घालू नका. दुखणं दिसतंय त्यापेक्षा फार जास्त असेल, उजेड सोसत नसेल, तर डॉक्टरांना तसं शब्दांत सांगा. आम्ही बायका "थोडं दुखतं" म्हणतो, तसं म्हणू नका. काय झालं होतं ते लपवू नका. शोभाताईनं हौदाचं नाव घेतलं म्हणून डॉक्टरांना दिशा मिळाली. तिनं तेव्हा मान खाली घालून गप्प राहायचं ठरवलं असतं तर मी हे लिहू शकले नसते.

आणि जो माणूस थेंब घालतो, त्यालाही झोप लागते, त्यालाही घर असतं. मला हे फार उशिरा सुचलं.

औषध थांबलं तेव्हा बुबुळावर पांढरट डाग राहिला. वर्षभर सगळं शांत राहिलं तर नवं बुबुळ बसवता येईल, असं डॉक्टर म्हणतात. मी वाट बघते आहे. मधल्या काळात मुलगी बाळंतपणाला आली. नातीला मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, एकानं तिचा चेहरा आणि दुसऱ्यानं नुसता गोरा, हलणारा उजेड.

व्हॉर्टिसेला

कॉलेजात परत गेले तेव्हा डाव्या डोळ्याला शिकवावं लागलं. उजवी नजर आपोआप नळीकडे जायची आणि दुधाळ गोळा बघून परत यायची. मुली समजून घेतात. आता प्रात्यक्षिकात मी शेजारी बसते आणि विचारते, काय दिसतं ते सांग.

शोभाताई शेवटी तुरीच्या सोंगणीला मेडशीला गेली ती गेलीच. फोनवर तब्येत विचारायची, बाकी काही नाही. एकदा दीर म्हणाले, "हिनं लय मनावर घेतलं. दर आठवड्याले हौद घासते. लेकरं पाण्याशी खेयले तं अंगावर धावते. रात्री उठून हात धुते." मी त्यांना म्हणाले, बाजाराला आल्या की माझ्याकडं पाठवा.

ती आली तेव्हा शाळा-कॉलेजांना सुट्टी होती. हेही घरी होते. ह्यांनी स्वतः चहा केला, कपात साखर जास्त झाली, आणि कप तिच्या हातात देताना म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं माझं."

"असू दे," ती म्हणाली. चहा मात्र सगळा प्यायली.

मग मी तिला कॉलेजात घेऊन गेले. प्रयोगशाळा बंद होती, चावी माझ्याकडं होती. मुलींनी तळ्यातून आणलेलं पाणी खिडकीत ठेवलेलं होतं, त्यात एक कुजकी काडी. त्या काडीचा बारीक तुकडा मी काचेवर घेतला. डाव्या डोळ्यानं शोधायला मला वेळ लागला. ती मागं उभी राहून सारखं दाराकडं बघत होती.

"नंदा, मले ते परत नाई पाह्यचं."

"ते नाही ताई. दुसरं आहे, व्हॉर्टिसेला म्हणतात. बसा."

ती बसली. मी उजेड कमी केला. तिनं पदर सावरला आणि वाकली.

"दिसलं का?"

"घंटीवानी हाये," ती थोड्या वेळानं म्हणाली. "देठावर. लय घंट्या हायेत. तोंडाशी काहीतरी फिरून राह्यलं."

"पाणी ओढून घेतंय. त्यातलं बारीकसारीक खातंय."

"हे कोनाले तरास देते काय?"

"नाही. कुणालाच नाही. पाण्यात असे कितीतरी असतात. बहुतेक सगळे असेच."

मी टेबलाला हळूच धक्का दिला. ती दचकली.

"गोया झालं. देठ आखडून खाली बसलं सारं. काय झालं त्याले?"

"घाबरलं. थांबा जरा." मग मी घड्याळ पाहिलं. "ताई, तुमची मेडशीची गाडी निघून जाईल."

"जाऊ दे," ती डोळा न काढता म्हणाली. "परत उघडंन काय हे?"

"बघत राहा."

बाहेर रस्त्यावरून एसटी गेल्याचा आवाज आला. तिच्या दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरलेली होती. ते हळूहळू सैल झाले.

"उघडलं," शोभाताई म्हणाली.